मोटार वाहनाच्या धडकेत जखमी झालेल्या सायकलस्वाराने नुकसानभरपाई कशी मागावी

सायकल चालवण्यासाठी परवाना लागत नाही, सायकलीची परिवहन कार्यालयात नोंदणी होत नाही आणि तिचा विमा काढणेही सक्तीचे नाही. त्यामुळे एखाद्या मोटारीने, ट्रकने किंवा दुचाकीने धडक दिली तर ‘आपल्याजवळ एकही कागद नाही, मग मागणार तरी काय?’ असा विचार करून कित्येक सायकलस्वार दवाखान्याचे बिल स्वतःच भरून मोकळे होतात. कायद्याची मांडणी मात्र नेमकी याच्या उलट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन वापरायचे असेल तर त्रयस्थ पक्षाचा विमा असणे बंधनकारक आहे, आणि हा त्रयस्थ पक्ष म्हणजे वाहनाबाहेरची, त्या वाहनामुळे इजा होऊ शकणारी व्यक्ती. सायकलस्वार त्यात पूर्णपणे मोडतो. ज्या विम्यातून त्याला भरपाई मिळायची तो विमा धडक देणाऱ्या वाहनाचा असतो, त्याचा हप्ता त्या वाहनाच्या मालकाने भरलेला असतो, आणि तो मागणे म्हणजे कोणाकडे मदतीची याचना करणे नव्हे.

पुढील माहिती भारतातील कायद्यापुरती आहे. २०१९ च्या दुरुस्तीने भरपाईच्या तरतुदी बऱ्याच बदलल्या आणि ते बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले, म्हणून त्याआधीच्या अपघातांचे अनुभव सांगणाऱ्या परिचितांचा सल्ला ऐकताना ही तारीख ध्यानात ठेवावी.

दवाखान्यात काय लिहिले जाते

अपघातानंतर १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करून उपचार मिळवणे हे पहिले काम. जखमीवर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खासगी, कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यासाठी पोलीस येण्याची वाट पाहण्याची गरज नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचार योजना अधिसूचित केली. तिच्यानुसार अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, योजनेत समाविष्ट रुग्णालयात उपचार होऊ शकतात. जखमीला दाखल करताना नातेवाइकांनी या योजनेची स्पष्टपणे विचारणा करावी.

यापुढची गोष्ट बारीक वाटेल, पण दाव्याचे बरेचसे भवितव्य तिच्यावर ठरते. दाखल करून घेताना डॉक्टर ‘काय झाले’ असे विचारतात आणि मिळालेले उत्तर केसपेपरवर उतरवतात. घाबरलेला नातेवाईक, किंवा पोलिसांचे लचांड नको असे वाटणारा मित्र, ‘सायकलवरून पडला’ एवढेच सांगतो. पुढे विमा कंपनीचा वकील हाच कागद मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे (अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयापुढे) ठेवतो आणि धडक झालीच नव्हती, सायकलस्वार स्वतःच पडला, असा युक्तिवाद करतो. म्हणून वाहनाने धडक दिली, ते कोणत्या प्रकारचे होते, त्याचा क्रमांक माहीत असल्यास कोणता, आणि ही घटना कुठे व किती वाजता घडली, हे सर्व केसपेपरवर लिहून घ्यावे व ही वैद्यकीय-कायदेशीर नोंद झाली असल्याची खात्री करावी. चुकीची नोंद झाल्याचे लक्षात आले तर त्याच दिवशी लेखी विनंती करून ती दुरुस्त करून घ्यावी.

शक्य असल्यास घटनास्थळाची, वाहनाच्या क्रमांकाची, ब्रेकच्या खुणांची आणि सायकलीची छायाचित्रे काढून ठेवावीत. ज्याने पाहिले आणि मदत केली त्याचा फोन क्रमांक घ्यावा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४अ नुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, हे त्याला सांगितले तर पुष्कळ वेळा तो स्वेच्छेने पुढे येतो. जवळच्या दुकानाचे किंवा इमारतीचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, त्यामुळे ते ताब्यात घेण्याची लेखी विनंती पोलिसांना तातडीने करावी. मोडलेली सायकल पंचनामा होईपर्यंत दुरुस्तीला टाकू नये आणि भंगारात तर मुळीच देऊ नये, कारण मागचे चाक दबले आहे की पुढचे, यावरून धडक कोणत्या दिशेने बसली हे कळते.

जागेवरची तडजोड

वाहनचालक बहुधा जागेवरच काही रक्कम पुढे करतो आणि ‘तक्रार करू नका, मी दवाखान्याचा खर्च देतो’ असे म्हणतो. त्याचा हेतू प्रामाणिकही असू शकतो. तरीही हा प्रस्ताव स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे. गुडघ्यातील अस्थिबंधाची किंवा मणक्याची इजा पहिल्या दिवशी केवळ मुका मार वाटते आणि तिचे गांभीर्य काही आठवड्यांनी कळते. तोवर चालकाने फोन उचलणे थांबवलेले असते, फिर्याद दिलेली नसते आणि धडकेचा एकही सरकारी कागद अस्तित्वात नसतो. चालकाने उपचारासाठी पैसे दिलेच तर ते घेण्यास हरकत नाही, मात्र ‘माझी काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर सही करू नये. मालकाचा विमा असेल तर भरपाईचा भार अखेर विमा कंपनी उचलते, ही गोष्ट चालकाला समजावून सांगितली की त्याचा विरोधही बऱ्याचदा मावळतो.

पोलिसांकडील कागद

जखमीची प्रकृती ठीक नसेल तर फिर्याद नातेवाईक किंवा प्रत्यक्षदर्शी देऊ शकतो, आणि पोलीस रुग्णालयात येऊन जबाब नोंदवू शकतात. भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्यासाठी कलम २८१ आणि त्यातून दुखापत किंवा गंभीर दुखापत झाल्यास कलम १२५ लागते. प्रथम खबर अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात फिर्याद घेण्यास नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे, आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस उपायुक्तांकडे, टपालाने लेखी तक्रार पाठवावी व पोचपावती जपून ठेवावी.

२०२२ च्या नियमांनुसार तपासी अंमलदाराने प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि जखमीला त्याच्या हक्कांची लेखी माहितीही द्यायची असते. असा अहवाल न्यायाधिकरण भरपाईचा अर्ज म्हणून स्वीकारू शकते. ही व्यवस्था उत्तम आहे, परंतु केवळ तिच्या भरवशावर घरी बसून राहणे धोक्याचे आहे. प्रथम खबर अहवाल, घटनास्थळ पंचनामा, वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचा परवाना, विमापत्र आणि जखम प्रमाणपत्र यांच्या प्रती आपण होऊन मागून घ्याव्यात. विमा कंपनीचे नाव कळत नसेल तर वाहन क्रमांकावरून ते परिवहन विभागाच्या ‘एमपरिवहन’ या अॅपवर बहुधा सापडते.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा हे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. फौजदारी न्यायालयात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर न्यायाधिकरणात कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढे पाहिले जाते. म्हणून चालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला तरी भरपाईचा हक्क संपत नाही.

कोणत्या कलमाखाली मागावे

सर्वांत विचारपूर्वक घ्यायचा निर्णय हा आहे, आणि नेमका तोच घाईत घेतला जातो.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ नुसार चालकाची चूक सिद्ध न करताही वाहनमालक किंवा त्याची विमा कंपनी यांच्याकडून गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख रुपये मिळतात. हाड मोडणे किंवा सांधा निखळणे हे कायद्याने गंभीर दुखापतीतच धरले जाते. हा मार्ग जलद आहे, आणि साक्षीदार नसताना किंवा स्वतः सायकलस्वाराची चूक असण्याची शक्यता असताना तो मोलाचा ठरतो. कलम १६६ नुसार मात्र चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, वेळ जास्त लागतो, पण रकमेला ठरावीक मर्यादा नसते. न्यायाधिकरण ‘न्याय्य’ वाटेल ती रक्कम देते, आणि पुराव्यावरून योग्य ठरत असेल तर मागितलेल्या रकमेपेक्षा जास्तही देऊ शकते.

अपघाताची माहिती मिळाल्यावर विमा कंपनीचा नियुक्त अधिकारी कलम १४९ खाली तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव देऊ शकतो. या प्रक्रियेतून कलम १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की कलम १६६ खालचा दावा संपुष्टात येतो. ज्याचा पाय कायमचा अधू झाला आहे त्याने, शस्त्रक्रियेचे बिल समोर दिसते आहे म्हणून, अडीच लाखांच्या प्रस्तावावर सही केली तर त्याने कित्येक पटींनी मोठा हक्क सोडलेला असतो. प्रस्ताव नाकारण्याचा पूर्ण अधिकार दावेदाराला आहे. तो नाकारल्यास न्यायाधिकरण सुनावणीची तारीख देते. म्हणून इजेचे अंतिम स्वरूप स्पष्ट होईपर्यंत आणि स्वतःच्या वकिलाला कागद दाखवेपर्यंत कशावरही सही करू नये.

वाहन पळून गेले आणि त्याचा शोधच लागला नाही, तर कलम १६१ खालील योजनेतून गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर अपघात जिथे घडला तेथील उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्यापैकी जो दावा चौकशी अधिकारी असेल त्याच्याकडे करायचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी स्तरावर मिळते. पुढे वाहन सापडून अन्य कलमाखाली भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.

रक्कम कशी ठरते

भरपाई म्हणजे केवळ औषधांची बिले नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार प्रकरणात जखमींच्या भरपाईचे घटक स्पष्ट केले: उपचार, प्रवास, पौष्टिक आहार व मदतनिसाचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे घटणारी कमाई, भविष्यातील शस्त्रक्रिया, आणि त्याबरोबरच वेदना व आयुष्यातील आनंद गमावल्याबद्दलची रक्कम. मोडलेल्या सायकलीची किंमतही याच अर्जात मागता येते.

याच निकालाने अपंगत्व आणि कमाईची हानी यांतला फरक ठसवला. प्रमाणपत्रावरील टक्केवारी एखाद्या अवयवाची असते. त्या इजेमुळे त्या माणसाचे काम किती अडते, हे न्यायाधिकरणाला स्वतंत्रपणे ठरवावे लागते. डाव्या हाताची बोटे आखडली तर लेखनिकाचे काम थोड्या अडचणीने चालू राहील, सुताराचे मात्र जवळजवळ थांबेल. म्हणून आपले काम प्रत्यक्षात कसे चालते, त्यात कोणती हालचाल लागते आणि आता ती का जमत नाही, हे साक्षीत तपशिलाने सांगावे आणि शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्षही घ्यावी.

आकडेमोड कशी होते हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. बत्तीस वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय करणारा सुतार महिन्याला २०,००० रुपये मिळवत होता. २०१७ च्या प्रणय सेठी निकालात चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीसाठी भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के धरण्यास सांगितले आहे, आणि ही वाढ जखमींच्या दाव्यातही धरता येते. त्यामुळे मासिक उत्पन्न २८,००० आणि वार्षिक ३,३६,००० रुपये होते. २००९ च्या सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १६ आहे, म्हणजे गुणाकार ५३,७६,००० येतो. न्यायाधिकरणाने कमाईची हानी २५ टक्के मानली, तर या एकाच घटकापोटी १३,४४,००० रुपये होतात. उपचार, वेदना आणि इतर घटक त्याहून वेगळे. हा गुणक पंचविशीपर्यंत १८ असतो आणि वयानुसार कमी होत पासष्टीनंतर ५ वर येतो.

उत्पन्नाचा पुरावा इथे निर्णायक ठरतो. पगारपत्रक किंवा प्राप्तिकराची विवरणपत्रे नसतील तर बँकेचे उतारे, ग्राहकांची बिले, मुकादमाची किंवा मालकाची साक्ष चालते. काहीच नसेल तर किमान वेतनाचा आधार घेतला जातो. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कामाचे आर्थिक मूल्य न्यायालये मान्य करतात आणि शाळकरी मुलाचे उत्पन्न शून्य धरले जात नाही. मुलाच्या वतीने पालक अर्ज करतात. वैयक्तिक आरोग्य विम्यातून बिले भागली म्हणून ती रक्कम भरपाईतून वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला आहे. तरीही प्रत्येक मूळ बिलाची प्रत स्वतःकडे ठेवल्याशिवाय ते विमा कंपनीला देऊ नये.

दोष सायकलस्वारावर ढकलला जातो तेव्हा

‘सायकलवाला अचानक आडवा आला’ हे वाक्य विरुद्ध बाजूच्या जवळपास प्रत्येक लेखी कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) असते. सायकलस्वाराचीही काही चूक सिद्ध झाली तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, ती सरसकट नाकारली जात नाही. मुख्य म्हणजे नियमभंग आणि अपघात यांचा कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो. नुसता नियमभंग पुरेसा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोटारसायकलवर तिघे बसल्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. हेच सूत्र सायकललाही लागू करण्याचा आग्रह धरावा: भर दुपारी मागून धडक बसली असेल तर सायकलीला दिवा नव्हता या मुद्द्याला अर्थ राहत नाही. हेल्मेटची मोटार वाहन अधिनियमातील सक्ती मोटारसायकलींसाठी आहे, पायडल मारून चालवायच्या सायकलसाठी नाही. हेल्मेट जरूर वापरावे, पण ते नव्हते म्हणून मोडलेल्या पायाची भरपाई कापली जाऊ देऊ नये.

थांबलेल्या मोटारीचे दार अचानक उघडल्याने पडलेल्या सायकलस्वारालाही दाद मागता येते. वाहनाचा ‘वापर’ या शब्दात ते उभे असण्याचा काळही येऊ शकतो, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये महाराष्ट्रातील एका टँकर दुर्घटनेच्या प्रकरणात लावला होता.

धडक दुसऱ्या सायकलची किंवा २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच वेग असलेल्या विजेच्या सायकलची असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्ग बंद असतो आणि दिवाणी दावाच करावा लागतो. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे इजा झाली असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेकडून दुखापतीच्या गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई मागता येते.

अर्ज, मुदत आणि निवाडा

कलम १६६ चा अर्ज अपघात जिथे झाला तेथील, दावेदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, अथवा सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) जिथे राहतो तेथील न्यायाधिकरणात करता येतो. मजुरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या माणसाला गावी परतून दावा लावता येतो, ही मोठी सोय आहे. चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले करावे. चालकाचा परवाना वैध नव्हता या कारणाने विमा कंपनी जखमीला सहसा टाळू शकत नाही. न्यायाधिकरण तिला आधी भरपाई देण्यास आणि मग मालकाकडून वसूल करण्यास सांगू शकते. वाहनाचा विमाच नसेल तर मालक स्वतः जबाबदार राहतो.

अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे, त्यामुळे मुदत टळली असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय हक्क सोडून देऊ नये. पण मुदतीत अर्ज करणे हेच शहाणपणाचे. व्याजही अर्जाच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही, म्हणून उशिराची किंमत तशीही मोजावी लागते.

मिळणाऱ्या रकमेचा ठरावीक टक्का फी म्हणून मागणाऱ्या, रुग्णालयाच्या आवारातच गाठणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांत निषिद्ध आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते, परंतु तिथल्या तडजोडीवर अपील नसते, तेव्हा वरच्यासारखी आकडेमोड स्वतः करून, कोणत्या रकमेच्या खाली उतरायचे नाही हे ठरवूनच तिथे बसावे.

निवाडा झाल्यावर रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येते. सामनेवाल्याने रक्कम भरलीच नाही, तर न्यायाधिकरणाकडून वसुली दाखला मागावा. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती रक्कम वसूल केली जाते.